द्राक्षाच्या सालीतील प्रथिने आणि पक्वता : बोर्दोच्या संशोधनाची सांगलीच्या संदर्भात चिकित्सा

प्रास्ताविक

फळ पिकणे ही घटना दैनंदिन व्यवहारात रंग, गोडी आणि मऊपणा या तीन खुणांवरून ओळखली जाते. शास्त्रीय अभ्यासातही दीर्घकाळ हाच क्रम राहिला. गरातील शर्करा किती वाढली, आम्लता किती घटली, वजन किती भरले या प्रश्नांना प्राधान्य मिळाले आणि साल ही केवळ आवरण मानली गेली. परंतु फळाचा बाहेरच्या जगाशी येणारा संबंध सालीतूनच येतो. ऊन, पाऊस, वारा, बुरशी, कीटक आणि अखेरीस ग्राहकाची नजर या सर्वांना प्रथम सामोरी जाते ती साल. त्यामुळे पक्वतेच्या काळात सालीच्या पेशींत कोणती प्रथिने वाढतात व कोणती घटतात, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राइतकाच शेतीच्या अर्थकारणाशीही निगडित आहे.

हा प्रश्न मलकापूर-कराड परिसराला परका नाही. कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यातील हा भाग मुख्यतः उसाचा असला, तरी येथून पूर्वेकडे दीड-दोन तासांच्या अंतरावर तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज या तालुक्यांचा द्राक्षपट्टा आहे. तासगाव तालुक्यातील बोरगाव येथील वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेस या वाणातून निवडलेला ‘तास-ए-गणेश’ हा वाण महाराष्ट्रभर पसरला. ‘सांगली बेदाणा’ या नावास २०१६ साली भौगोलिक निर्देशांक प्राप्त झाला. या पट्ट्यातील हजारो कुटुंबांचे वार्षिक उत्पन्न द्राक्षाची साल डागरहित, एकसारख्या रंगाची आणि न तडकलेली राहते की नाही, यावर अवलंबून असते.

द्राक्षसालीच्या प्रथिनांविषयीचा एक पायाभूत निबंध २००७ साली ‘जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल बॉटनी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. फ्रान्समधील बोर्दो येथील देतियू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काबेर्ने सोव्हिन्यों या काळ्या, मद्यनिर्मितीच्या वाणावर हे काम केले. सदर निबंधाचे निष्कर्ष पुढील काळात द्राक्षपक्वतेचे सर्वसाधारण चित्र म्हणून उद्धृत होऊ लागले. हे चित्र कितपत पूर्ण आहे आणि सांगलीच्या पांढऱ्या, बिनबियांच्या द्राक्षास ते कितपत लागू पडते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संशोधनाचा आशय

एखाद्या ऊतीत विशिष्ट वेळी असणाऱ्या सर्व प्रथिनांचा समुच्चय म्हणजे तिचा प्रथिनसंच. जनुकसंच हा वेलीच्या प्रत्येक पेशीत जवळजवळ सारखाच असतो. प्रथिनसंच मात्र अवयवानुसार, वयानुसार आणि हवामानानुसार बदलतो. म्हणून पक्वतेचा अभ्यास प्रथिनांच्या पातळीवर करण्यास स्वतंत्र महत्त्व आहे.

बोर्दोच्या संशोधकांनी सालीचे नमुने तीन टप्प्यांवर घेतले : रंग भरण्यास आरंभ होताना, रंग भरणे पूर्ण होताना आणि काढणीच्या वेळी. द्राक्षाच्या सालीत टॅनिन, अन्य फिनॉलवर्गीय द्रव्ये आणि पेक्टिन यांचे प्रमाण मोठे असते. ही द्रव्ये प्रथिनांना चिकटतात आणि पृथक्करणात अडथळा आणतात. म्हणून फिनॉल या द्रावकाच्या साहाय्याने प्रथिने वेगळी करण्यात आली. त्यानंतर जेलच्या पट्टीवर प्रथम विद्युतभाराच्या आणि नंतर रेणुभाराच्या आधारे ती पसरवण्यात आली. या द्विमितीय जेलवर प्रत्येक प्रथिन साधारणतः एका ठिपक्याच्या रूपाने दिसते. तिन्ही टप्प्यांच्या जेलची तुलना करून ज्या ठिपक्यांचा आकार व गडदपणा बदलला ते कापून घेण्यात आले आणि वस्तुमान वर्णपटमापनाने त्यांची ओळख पटवण्यात आली.

या तुलनेतून एक सुसंगत कथानक पुढे आले. आरंभीच्या टप्प्यात प्रकाशसंश्लेषण, कर्बोदकांचा चयापचय आणि ताणाला प्रतिसाद यांच्याशी संबंधित प्रथिनांचे प्रमाण अधिक होते. रंग भरून झाल्यावर अँथोसायनिन या रंगद्रव्याच्या निर्मितीतील विकरे पुढे आली. काढणीच्या वेळी संरक्षक प्रथिनांचे प्राबल्य दिसले. विशेषतः कायटिनेज आणि बीटा-१,३-ग्लुकानेज या विकरांची अनेक रूपे साल पिकत जाईल तशी वाढत गेली. ही दोन्ही विकरे बुरशीच्या पेशीभित्तिकेतील घटकांचे विघटन करतात. थोडक्यात, साल प्रथम अन्न तयार करणारा हिरवा अवयव असते, मग रंग धारण करते आणि शेवटी संरक्षणास सज्ज होते, असे हे तीन अंकी चित्र आहे.

बलस्थाने

सदर निबंधाचे पहिले श्रेय असे, की त्याने सालीला गरापासून वेगळे काढून स्वतंत्र अवयव म्हणून पाहिले. संपूर्ण मणी वाटून केलेल्या विश्लेषणात सालीचा वाटा गराच्या वजनात हरवून जातो. द्राक्षाच्या सालीत मेणाचा थर व उपत्वचा, त्याखाली बाह्यत्वचेचा पेशीथर आणि त्याखाली अधस्त्वचेचे काही थर असतात. रंगद्रव्ये बहुतांश वाणांत याच थरांत साठतात. या थरांचा अभ्यास गरासोबत करणे म्हणजे त्यांचे वेगळेपण गमावणे होय.

दुसरे श्रेय असे, की संशोधक केवळ ठिपक्यांच्या मोजणीवर थांबले नाहीत. कायटिनेज आणि ग्लुकानेज यांची प्रत्यक्ष क्रियाशीलताही पक्वतेबरोबर वाढते, हे त्यांनी स्वतंत्रपणे पाहिले. प्रथिन उपस्थित असणे आणि ते कार्यरत असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. निबंधाच्या अखेरच्या अंकाला हा दुहेरी आधार आहे, म्हणून तो सर्वांत भक्कम ठरतो.

तिसरी गोष्ट म्हणजे हे निष्कर्ष एकटे पडलेले नाहीत. द्राक्षमण्यात गोडी भरू लागताच थॉमॅटिनसदृश प्रथिन मोठ्या प्रमाणात साठते, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ सालीच दाखवले होते. अमेरिकेत काँकॉर्ड या वाणावर झालेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बुरशीविरोधी प्रथिने आणि शर्करा एकाच वेळी वाढतात व त्यांचा एकत्रित परिणाम अधिक तीव्र असतो, असे मांडण्यात आले. इटलीतील बार्बेरा या काळ्या वाणाच्या सालीवरील २००८ सालच्या प्रथिनसंच-अभ्यासातही संरक्षक प्रथिनांचे महत्त्व दिसून आले. म्हणजेच काढणीच्या वेळी संरक्षक प्रथिने वाढलेली असणे ही बाब आज निर्विवाद मानण्यास हरकत नाही.

पद्धतीच्या मर्यादा

कोणत्याही पद्धतीला दिसते तेवढेच तिच्या निष्कर्षांत येते. द्विमितीय जेलवर विपुल आणि पाण्यात विरघळणारी प्रथिने ठळक दिसतात. पेशीपटलात रुतलेली, पाण्याशी फटकून वागणारी प्रथिने आणि अत्यल्प प्रमाणात असणारी नियामक प्रथिने बहुधा निसटतात. पेशीभित्तिकेला घट्ट बांधलेल्या प्रथिनांचीही हीच गत होते. ही त्रुटी तांत्रिक असली, तरी तिचे परिणाम आशयावर होतात. मण्याच्या वाढीच्या दुसऱ्या टप्प्यात पाणी वेगाने आत येते आणि साल ताणली जाते. पाण्याची ने-आण करणारी प्रथिने पेशीपटलात असतात, तर भित्तिका सैल करणारी एक्सपान्सिनसारखी प्रथिने भित्तिकेत असतात. काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस पडला की मणी तडकतात, ही सांगलीच्या बागायतदाराची मोठी भीती आहे. साल किती ताण सोसू शकते हे ठरवण्यात ज्या प्रथिनांचा वाटा असतो, तीच या पद्धतीच्या जाळ्यातून सुटतात. परिणामी या कथानकात संरक्षणाला जागा मिळते; लवचीकतेला मिळत नाही.

दुसरी मर्यादा परिभाषेची आहे. प्रथिनसंचाच्या लेखनात एखाद्या प्रथिनाची ‘अभिव्यक्ती वाढली’ असे म्हणण्याचा प्रघात आहे आणि सदर निबंधही त्यास अपवाद नाही. जेलवरील ठिपका मात्र साठा दाखवतो. साठा हा निर्मिती आणि विघटन यांच्यातील वजाबाकीचा परिणाम असतो. एखादे प्रथिन पूर्वीच तयार होऊन टिकून राहिले असेल, तरी ते काढणीच्या जेलवर ठळक दिसेल. कायटिनेज आणि थॉमॅटिनसदृश प्रथिने विघटनास विलक्षण दाद न देणारी असतात. द्राक्षरस आंबून मद्य तयार झाले तरी ती शिल्लक राहतात आणि पांढऱ्या मद्यात गढूळपणा आणतात; तो काढण्यासाठी बेंटोनाइट ही माती वापरावी लागते. इतक्या चिवट प्रथिनांच्या बाबतीत ‘साठा वाढला’ आणि ‘निर्मिती वाढली’ हे दोन निष्कर्ष काळजीपूर्वक वेगळे ठेवणे आवश्यक होते.

तिसरी मर्यादा काळाची आहे. सदर काम प्रसिद्ध झाले तेव्हा द्राक्षाचा संपूर्ण जनुकसंच हाती आलेला नव्हता. फ्रेंच आणि इटालियन संशोधकांच्या संयुक्त गटाने तो त्याच वर्षी पुढे ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला. ओळख न पटलेले किंवा अन्य वनस्पतींच्या साधर्म्यावरून ओळखलेले ठिपके आज पुन्हा तपासण्याजोगे आहेत. हा दोष संशोधकांचा नव्हे. परंतु आज हा निबंध उद्धृत करणाऱ्यांनी त्याची तारीख विसरता कामा नये.

‘संरक्षण’ या संकल्पनेची चिकित्सा

काढणीच्या वेळी साल संरक्षक प्रथिनांनी समृद्ध होते, यावरून ती अधिक सुरक्षित होते असा निष्कर्ष सहज काढला जातो. शेतातील अनुभव आणि रोगशास्त्र या निष्कर्षाला पूर्ण साथ देत नाहीत.

प्रथम भुरीचा विचार करता येईल. भुरीची बुरशी बाह्यत्वचेवर वाढते आणि तिच्या भित्तिकेत कायटिन असते. म्हणून कायटिनेज हे तिच्याविरुद्धचे स्वाभाविक अस्त्र वाटते. परंतु द्राक्षमणी भुरीला दाद न देण्याची क्षमता फार लवकर प्राप्त करतो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, फळधारणेनंतर काही आठवड्यांतच मण्यावर नव्याने संसर्ग होणे कठीण होते. हा काळ मण्यात पाणी उतरण्यापूर्वीचा आहे, तर कायटिनेजचा मोठा साठा पाणी उतरल्यानंतर होतो. कारण परिणामानंतर येऊ शकत नाही. म्हणून भुरीविरुद्धच्या या प्रतिकारशक्तीचे श्रेय पक्वतेच्या काळात साठणाऱ्या कायटिनेजला देता येत नाही.

केवड्याची स्थिती आणखी वेगळी आहे. केवडा पसरवणारा सूक्ष्मजीव खरी बुरशी नाही. त्याच्या भित्तिकेत प्रामुख्याने सेल्युलोज आणि बीटा-ग्लुकान असतात, कायटिन नाममात्र असते. त्याच्यावर कायटिनेजचा उपयोग मर्यादितच असणार. ग्लुकानेजचा काही परिणाम संभवतो. तिसरे उदाहरण करड्या कुजीचे. ही कुज निर्माण करणारी बोट्रायटिस ही बुरशी पिकलेल्या मण्यावरच अधिक जोराने हल्ला करते, म्हणजे सालीत संरक्षक प्रथिनांचा साठा सर्वाधिक असतो त्याच वेळी.

या तीन उदाहरणांवरून असे दिसते, की ‘संरक्षक प्रथिने’ हे नाव त्यांच्या रासायनिक कुळावरून आणि प्रयोगशाळेतील गुणधर्मावरून पडले आहे. मण्याच्या आयुष्यातील त्यांच्या सिद्ध झालेल्या कार्यावरून नव्हे. ही प्रथिने कदाचित साखरेने भरलेल्या, मऊ झालेल्या फळाची हानी काही अंशी रोखत असतील. १९९८ च्या अमेरिकी अभ्यासाचा रोख तसाच आहे. परंतु त्यांच्या उपस्थितीवरून फळाच्या सुरक्षिततेचे अनुमान करणे घाईचे ठरेल. बागायतदाराने या अनुमानावर विसंबून फवारणीचे नियोजन करणे तर धोक्याचे होईल.

या प्रथिनांची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. इटलीतील वैद्यकीय संशोधकांनी २००३ साली द्राक्ष व मद्य यांची अधिहर्षता असलेल्या रुग्णांच्या अभ्यासातून तीन प्रथिने निश्चित केली : एक एंडोकायटिनेज, मेदवाहक प्रथिन आणि थॉमॅटिनसदृश प्रथिन. वेलीच्या दृष्टीने जे संरक्षक, तेच काही माणसांच्या दृष्टीने उपद्रवी ठरते. मलकापूरसारख्या, वैद्यकीय शिक्षणाचे केंद्र असलेल्या गावात वनस्पतिशास्त्र आणि वैद्यकशास्त्र यांच्या समान अभ्यासाला येथे वाव आहे.

सांगलीच्या द्राक्षाला हे चित्र लागू पडते काय?

सदर चित्राची खरी कसोटी वाण बदलल्यावर लागते. थॉमसन सीडलेस आणि त्यातून निवडलेले तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन हे वाण पांढरे आहेत. अँथोसायनिनच्या निर्मितीत यूएफजीटी या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे विकर निर्णायक असते. काळ्या द्राक्षाच्या सालीत त्याचे जनुक कार्यरत होते आणि पांढऱ्यात होत नाही, हे ऑस्ट्रेलियातील संशोधनाने १९९६ साली दाखवले. त्याचे मूळ कारण जपानमधील २००४ च्या आणि ऑस्ट्रेलियातील २००७ च्या संशोधनातून स्पष्ट झाले. रंगनिर्मितीला चालना देणारी दोन शेजारी जनुके पांढऱ्या वाणांत निकामी झालेली असतात. याचा अर्थ असा, की बोर्दोच्या तीन अंकी चित्रातील मधला अंक सांगलीच्या द्राक्षात लिहिलेलाच नाही. रंग भरण्यास आरंभ आणि रंग भरणे पूर्ण, हे नमुने घेण्याचे टप्पेही येथे निरर्थक ठरतात. महाराष्ट्रातील बागायतदार या अवस्थेला ‘मण्यात पाणी उतरणे’ म्हणतो. ही खूण रंगाऐवजी मऊपणा व पारदर्शकता यांवर आधारलेली आहे आणि पांढऱ्या वाणांसाठी ती अधिक अचूक आहे.

तथापि पांढऱ्या सालीत रंगाचा प्रश्न अजिबात उद्भवत नाही, असेही म्हणता येत नाही. रात्रीचे तापमान बरेच खाली जाऊन दिवसा ऊन तापू लागले, की थॉमसन गटातील वाणांत काही मणी गुलाबी होतात. निर्यातीत असे घड नाकारले जातात. म्हणून महाराष्ट्रात अनेक बागायतदार घडांना वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. पांढऱ्या मानल्या गेलेल्या अनेक वाणांत अत्यल्प प्रमाणात अँथोसायनिने असतात, असे इटलीतील २०१५ च्या एका विश्लेषणात आढळले. म्हणजे ‘काळे’ आणि ‘पांढरे’ ही विभागणी जनुकांच्या पातळीवर स्पष्ट असली, तरी सालीच्या रसायनात ती तितकी काटेकोर नाही. गुलाबी मण्याच्या सालीतील प्रथिने आणि त्याच घडातील हिरव्या मण्याच्या सालीतील प्रथिने यांची तुलना हा खास महाराष्ट्राचा प्रश्न आहे आणि बोर्दोच्या निबंधात त्याचे उत्तर शोधणे व्यर्थ आहे.

दुसरा फरक हवामानाचा. बोर्दोमध्ये वेल हिवाळ्यात सुप्तावस्थेत जाते. तेथे ऑगस्टमध्ये रंग भरतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उतरत्या तापमानात फळ पिकते. सांगलीत वेलीला सुप्तावस्था मिळत नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी अशा दोन छाटण्या होतात आणि फळ जानेवारीपासून एप्रिलपर्यंत, चढत्या तापमानात पिकते. ताणाला प्रतिसाद देणारी प्रथिने आरंभी अधिक आणि पुढे कमी, हा बोर्दोचा क्रम येथे तसाच राहील, असे गृहीत धरता येत नाही. मार्चच्या उन्हात तो उलटण्याचीही शक्यता आहे.

तिसरा फरक लागवडीच्या तंत्राचा. मद्याचे द्राक्ष लहान मण्याचे असावे लागते. खाण्याचे द्राक्ष मोठे असावे लागते. त्यासाठी महाराष्ट्रात जिब्रेलिक आम्लाची बुडवणी, गर्डलिंग आणि काही ठिकाणी सीपीपीयू या संजीवकाचा वापर होतो. सीपीपीयूमुळे साल जाड होते आणि पक्वता लांबते, हा अनुभव व प्रयोग या दोहोंचा निष्कर्ष आहे. शिवाय मणी मोठा होण्याचा भूमितीय परिणामही विचारात घ्यावा लागतो. १२ मिलिमीटर व्यासाचा गोल मणी १८ मिलिमीटरचा झाला, तर गराच्या प्रत्येक एककामागे सालीचे क्षेत्र एक-तृतीयांशाने घटते. मण्याच्या एकूण वजनाच्या प्रमाणात काढलेले सालीच्या प्रथिनांचे आकडे लहान आणि मोठ्या मण्यांत थेट तुलनीय राहत नाहीत. क्षेत्रफळाच्या आधारे मोजणी केल्याशिवाय ही तुलना दिशाभूल करील.

निसटलेले प्रथिन : पॉलिफिनॉल ऑक्सिडेज

सांगलीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या प्रथिनाला बोर्दोच्या तीन अंकी चित्रात मुख्य स्थान नाही. पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे ते विकर होय. बेदाणा तयार करताना साधारणपणे २२ अंश ब्रिक्सच्या पुढील गोडीचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएट यांच्या द्रावणात बुडवून शेडमधील जाळ्यांवर पसरतात. द्रावणामुळे सालीवरील मेणाच्या थराची रचना बदलते आणि पाणी बाहेर पडण्यास वाट मिळते. सुमारे दोन आठवड्यांत बेदाणा तयार होतो. या काळात सालीच्या पेशी कोलमडतात. एरवी पेशीच्या वेगवेगळ्या कप्प्यांत असणारे हे विकर आणि फिनॉलवर्गीय द्रव्ये एकत्र येतात आणि बेदाणा तपकिरी पडतो. सांगली-तासगावच्या बाजारात हिरवा, पिवळा आणि काळा बेदाणा यांच्या दरांत मोठे अंतर असते. हिरवा रंग टिकवण्यासाठी गंधकाची धुरी दिली जाते. तिच्यातील सल्फर डायॉक्साइड याच विकराला निष्प्रभ करतो. म्हणजे उत्पादकाला मिळणारा दर बऱ्याच अंशी सालीतील एका विकराच्या क्रियाशीलतेवर ठरतो.

हे विकर कधी तयार होते? ऑस्ट्रेलियातील १९९४ च्या संशोधनानुसार त्याचे जनुक कोवळ्या, वाढत्या मण्यात जोमाने कार्यरत असते. पक्व मण्यात त्याचे कार्य जवळजवळ थांबलेले असते. तयार झालेले प्रथिन मात्र टिकून राहते. म्हणून बेदाण्याचा रंग ठरवणारी सामग्री मण्यात पाणी उतरण्यापूर्वीच सालीत जमा झालेली असते. बोर्दोच्या अभ्यासाचा पहिला नमुना रंग भरण्याच्या आरंभी घेतलेला आहे. त्या क्षणापासून निरीक्षण सुरू करणाऱ्या कोणत्याही अभ्यासाला या विकराची जडणघडण दिसू शकत नाही. फार तर त्याचा उरलेला साठा दिसेल. पक्वतेचा अभ्यास पक्वतेच्या आरंभापासून करणे तर्कशुद्ध वाटते, परंतु सालीच्या बाबतीत तो आरंभ उशिराचा ठरतो.

याच संदर्भात सांगलीला सर्वांत जवळचे संशोधन बोर्दोचे नसून ऑस्ट्रेलियातील बेदाणा-संशोधन आहे. तेथील ‘सुलताना’ हा वाण म्हणजेच आपला थॉमसन सीडलेस. या वाणात ‘ब्रूसेस स्पोर्ट’ नावाचा एक उत्परिवर्ती वेल आढळला. त्याची फळे तपकिरी कमी पडतात. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचे कारण सापडले. या वेलीत पॉलिफिनॉल ऑक्सिडेज तयार होते, परंतु सुलतानात सुमारे ४० किलोडाल्टनचे परिपक्व रूप आढळते, तर येथे सुमारे ६० किलोडाल्टनचे मोठे रूप साठते आणि क्रियाशीलता बरीच कमी राहते. प्रथिन आहे, पण त्याची घडण अपुरी आहे. केवळ ‘आहे की नाही’ अशी गणना करणाऱ्या अभ्यासात हा भेद हरवला असता. प्रथिनाचे प्रमाण, त्याचे रूप आणि त्याची क्रियाशीलता या तिन्ही बाबी स्वतंत्रपणे पाहाव्या लागतात, याचे हे नेमके उदाहरण आहे. तास-ए-गणेशसारखा वाण शेतकऱ्याच्या नजरेने बागेतून निवडला गेला. तशीच नजर तपकिरी कमी पडणाऱ्या वेलीसाठी वापरली गेल्यास असा वेल सांगलीच्या बागांतही सापडणे अशक्य नाही.

समारोप

बोर्दोच्या २००७ च्या निबंधाने द्राक्षाची साल ही पक्वतेच्या काळात सतत बदलणारा सजीव अवयव आहे, हे प्रथिनांच्या पातळीवर प्रस्थापित केले. त्याचे हे श्रेय अबाधित आहे. तथापि त्याचे तीन अंकी चित्र काळ्या वाणाचे, समशीतोष्ण हवामानाचे, मद्यनिर्मितीच्या गरजांचे आणि द्विमितीय जेलला दिसणाऱ्या प्रथिनांचे चित्र आहे. पांढऱ्या, बिनबियांच्या, उष्ण हवामानात पिकणाऱ्या आणि संजीवकांनी वाढवलेल्या द्राक्षात त्याचा मधला अंक गैरहजर असतो, शेवटच्या अंकाचा अर्थ संदिग्ध राहतो आणि बेदाण्याचा दर ठरवणारे प्रथिन पडदा उघडण्यापूर्वीच तयार झालेले असते.

महाविद्यालयीन अध्यापनात या निबंधाचा सारांश द्राक्षपक्वतेचा सार्वत्रिक नियम म्हणून शिकवला जाऊ नये, हा या चिकित्सेचा पहिला फलितार्थ आहे. दुसरा फलितार्थ अधिक व्यवहार्य आहे. मलकापूर-कराड आणि सांगली परिसरातील महाविद्यालयांत वस्तुमान वर्णपटमापक नसला, तरी वर्णपट-प्रकाशमापक बहुतेक ठिकाणी असतो. सालीच्या अर्कातील एकूण प्रथिने ब्रॅडफोर्डच्या पद्धतीने ५९५ नॅनोमीटरवर आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेजची क्रियाशीलता कॅटेकॉल वापरून ४२० नॅनोमीटरवर मोजता येते. अर्क काढताना फिनॉलवर्गीय द्रव्ये शोषून घेणारा अविद्राव्य पीव्हीपी वापरण्याची दक्षता मात्र घ्यावी लागते. तास-ए-गणेश आणि सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे निवडला गेलेला काळा शरद सीडलेस या दोन वाणांची साल फळधारणेपासून काढणीपर्यंत दर पंधरा दिवसांनी तपासली, नमुन्याची नोंद तारखेबरोबरच ब्रिक्स आणि मण्याच्या व्यासासह ठेवली आणि आकडे सालीच्या क्षेत्रफळावर मांडले, तर पांढऱ्या सालीच्या जडणघडणीचा पहिला विश्वसनीय आलेख याच परिसरात तयार होऊ शकेल. तसेच बेदाणा शेडमध्ये गेलेल्या त्याच घडांचा रंग नंतर नोंदवला, तर कोवळ्या मण्यातील विकराचे प्रमाण आणि अंतिम दर यांचा संबंध प्रत्यक्ष तपासता येईल. पुणे जिल्ह्यातील मांजरी येथे १९९७ पासून कार्यरत असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या कामाला अशा स्थानिक नोंदींची जोड मिळाल्यास, परदेशी निष्कर्षांची उसनवारी करण्याऐवजी त्यांची पडताळणी करण्याच्या स्थितीत येथील संशोधक येतील.